‘कोर्ट’मधल्या खुणा आणि माझी सरकारी वकिली

मागच्या वेळी आपण संशोधनाचा प्रश्न लहान कसा करायचा ते पाहिलं. त्यानंतर बऱ्याच जणांनी जवळपास एकच शंका विचारली. प्रश्न ठरला, कादंबरी किंवा चित्रपट ठरला, आता त्यातून अर्थ काढायचा कसा? आणि काढलेला अर्थ आपल्या डोक्यातला नाही, तो खरंच त्या कलाकृतीत आहे, हे गाइडला कसं पटवायचं?

याचं उत्तर मी माझ्या सगळ्यात आवडत्या चित्रपटावरून देणार आहे. म्हणजे खरं तर त्या चित्रपटावर काम करताना माझी जी फजिती झाली, तिच्यावरून. चित्रपट आहे चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि तिथे ‘ओरिझोंती’ विभागातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१५ मध्ये भारतातर्फे ऑस्करसाठीही तोच गेला. पाहिला नसेल तर आधी पाहा, मग पुढे वाचा. खाली शेवटापर्यंतचं सगळं उघड केलंय.

ज्यांनी बऱ्याच दिवसांपूर्वी पाहिलाय त्यांच्यासाठी थोडक्यात आठवण करून देते. नारायण कांबळे हे वयस्कर लोकशाहीर. घरी मुलांची शिकवणी घेतात आणि वस्त्यांमधून कार्यक्रम करतात. एका कार्यक्रमात पोलीस त्यांना अटक करतात. आरोप असा की त्यांचं एक गाणं ऐकून वासुदेव पवार नावाच्या गटार सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. म्हणजे आत्महत्येस प्रवृत्त करणं, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०६. बचावाचे वकील विनय व्होरा, सरकारी वकील नूतन आणि न्यायाधीश सदावर्ते. खटला चालतो, तारखा पडतात. मधूनमधून कॅमेरा या तिघांच्या मागोमाग कोर्टाबाहेर जातो, त्यांच्या घरी, जेवायला, फिरायला. एवढंच.

माझ्या ३१ खुणा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी या चित्रपटातल्या प्रतीकांचा तक्ता केला होता. ३१ नोंदी! प्रत्येक नोंदीपुढे ‘अर्थ’ असा रकाना. एक दृश्य मी दहादहा वेळा मागे नेऊन बघायचे. कोणी काय खाल्लं, कोणी काय विकत घेतलं, भिंतीवर काय टांगलंय, सगळं टिपलं. विभागाच्या सेमिनारमध्ये हा तक्ता मांडायचा ठरलं.

त्यात माझी सगळ्यात लाडकी नोंद होती नावांची. बघा हं. मेलेल्या कामगाराचं नाव वासुदेव. आरोपीचं नाव नारायण. दोन्ही नावं विष्णूची. म्हणजे मेलेला आणि ज्याच्यावर मारल्याचा आरोप आहे तो, दोघे एकच! शिवाय आपल्याकडे वासुदेव म्हटलं की आणखी कोण आठवतं? मोरपिसांची टोपी घालून सकाळी दारोदार गाणारा. म्हणजे गटारात मेलेल्या माणसाला गाणाऱ्याचं नाव, आणि खटला कोणावर, तर गाणाऱ्यावर. हे सुचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. आपल्याला मोठंच काहीतरी सापडलंय असं वाटलं होतं.

सेमिनारमध्ये लोकांनी माना डोलावल्या. मग गाइड मॅडमनी एकच प्रश्न विचारला. “अगं, त्या कामगाराचं नाव दत्तात्रय असतं तर तुझ्या म्हणण्यात काय बदललं असतं?”

मी थोडा वेळ गप्प बसले. मग प्रामाणिकपणे म्हटलं, “मी दत्तात्रयवरून काहीतरी काढलं असतं.”

सगळे हसले. मीही हसले. पण खरा घाव पुढे बसला. मागच्या बाकावर एम.ए.चा एक मुलगा होता. तो म्हणाला, “मॅडम, तुमच्या ३१ खुणांमध्ये वासुदेव पवार कशामुळे मेला ते कुठेय?”

ते कुठेच नव्हतं. माझ्या तक्त्यात त्याचं नाव होतं, नावाचा अर्थ होता. तो मेला कसा, हे नव्हतं. गाइड मॅडम जाता जाता म्हणाल्या, “तू या सिनेमातली सरकारी वकील झालीयस.”

त्या वेळी राग आला. पण घरी जाऊन चित्रपट परत लावला, आणि त्या शब्दशः बरोबर होत्या हे दिसायला लागलं.

चित्रपट स्वतःच खुणा वाचण्याबद्दल आहे

सरकारी वकील नूतन काय करते ते नीट पाहा. तिच्याकडे एक मृतदेह आहे आणि एक गाणं आहे. दोन्हींना जोडणारा दोरा हवाय. मृत माणूस सुरक्षा साधनं न घालता आत उतरला. आत विषारी वायू असतो हे त्याला माहीत होतं. मग साधनांशिवाय उतरला याचा अर्थ काय? मरायच्या इराद्यानेच उतरला! इथे एक बारीकसा तपशील, म्हणजे अंगावर साधनं नसणं, हा त्याच्या मनातल्या हेतूची ‘खूण’ म्हणून वाचला जातो.

वाचन म्हणून ते हुशार आहे. अडचण एकच आहे, ते खोटं आहे. वासुदेवची बायको साक्षीला येते तेव्हा कळतं की त्याच्याकडे साधनं कधीच नसायची. रोजच तो तसाच उतरायचा. आत दगड टाकायचा आणि झुरळं बाहेर येतायत का बघायचा. आली तर आत हवा आहे, उतरायला हरकत नाही. वायूमुळे त्याचा एक डोळा आधीच गेला होता. वास सहन व्हावा म्हणून प्यायचा. साधनं नसणं हे त्या एका दिवसाचं वेगळेपण नव्हतंच. ती रोजची नोकरी होती.

म्हणजे नूतनची चूक कुठे झाली? नेहमीची असलेली गोष्ट तिने खास म्हणून वाचली. आणि मी काय केलं होतं? महाराष्ट्रात वासुदेव आणि नारायण ही नावं गल्लोगल्ली सापडतात. नेहमीची नावं मी खास म्हणून वाचली. चूक तीच. फरक एवढाच की माझ्या चुकीमुळे कोणी तुरुंगात गेलं नाही.

आता न्यायाधीशांकडे या. शेवटच्या भागात कोर्टाला उन्हाळ्याची सुटी लागते आणि सदावर्ते नातेवाइकांसोबत रिसॉर्टवर जातात. तिथे ओळखीतल्या एकाचा मुलगा नीट बोलत नाही असा विषय निघतो. सदावर्ते सल्ला देतात की अंकशास्त्राप्रमाणे नाव बदलून बघा, खड्याची अंगठी घाला. वर्षभर समोरच्याकडे पुरावा मागणारा माणूस हा! नावावरून माणसाचं भवितव्य वाचतोय. आणि मी? नावांवरून चित्रपटाचा अर्थ वाचत होते. हे लक्षात आलं तेव्हा मी ती नोंद लाल पेनाने काट मारून उडवली.

गाण्यामुळे मृत्यू, साधनं नसल्यामुळे हेतू, नावामुळे वाचा. या तीन जोड्या चित्रपटात आहेत आणि तिन्हींची रचना सारखी आहे: एक छोटी खूण, एक मोठा परिणाम, आणि मधली कडी कोणी तपासलेली नाही. तक्ता बाजूला ठेवल्यावर हे समांतर मला दिसलं, आणि आज माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण यावर उभं आहे.

मग तपासायचं कसं?

आता कामाचं बोलू. कुठलाही तपशील प्रतीक म्हणून घ्यायच्या आधी मी त्याला चार प्रश्न विचारते. हे नियम कुठल्या पुस्तकातून जसेच्या तसे उचललेले नाहीत, काम करता करता तयार झालेत. तुम्ही ते कादंबरीला, नाटकाला, मुलाखतींच्या नोंदींनाही लावू शकता.

पहिला प्रश्न: याचा साधा अर्थ काय?

तपशील कथेत साध्या कारणासाठी आलाय का ते आधी बघा. ‘कोर्ट’मधलं एक दृश्य सगळ्यांना आठवतं. सुटीआधीचं कामकाज संपतं, माणसं निघून जातात, दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडदा पूर्ण काळा होतो. काही क्षण तसाच राहतो. मी तक्त्यात लिहिलं होतं, ‘अंधार = न्यायाचा अंत’. किती सोपं!

आता साधा अर्थ घ्या. सुटी लागली म्हणून शिपायाने दिवे बंद केले. बस. पण त्याच्या आधी काय झालंय ते आठवा. जामिनावर सुटलेल्या कांबळेंना पुन्हा अटक झालीय, या वेळी यूएपीएखाली. त्यांची तब्येत बरी नाही. आणि कोर्ट आता सुटीवर चाललंय. त्यामुळे ‘सुटी लागली म्हणून दिवे बंद केले’ हे साधं वाक्य माझ्या ‘न्यायाच्या अंता’पेक्षा कितीतरी भयंकर आहे. इथे कोणी दुष्टपणा केलेला नाही. वर्षाच्या वेळापत्रकात सुटी होती, ती लागली. माणूस आत राहिला. मी अंधाराचं प्रतीक केलं आणि ही गोष्टच झाकून टाकली.

लक्षात ठेवा, प्रतीक साध्या अर्थाच्या वरती उभं राहतं, त्याच्या जागी बसत नाही. साधा अर्थ पुसून टाकावा लागत असेल तर आपलं वाचन चुकतंय.

दुसरा प्रश्न: हे परत येतं का, आणि येताना काय बदलतं?

एकदाच आलेला तपशील योगायोग असू शकतो. तीनदा आला, आणि दर वेळी एकच गोष्ट बदलत असेल, तर तिथे थांबा.

चित्रपटात रंगमंच किती वेळा येतो ते मोजा. सुरुवातीला कांबळे वस्तीत मंचावर गातात, पोलीस मंचावर चढून त्यांना धरतात. नंतर व्होरा एका बारमध्ये बसलेला दिसतो, तिथे गाणं चालू आहे, लोक निवांत पेय घेत ऐकतायत. आणखी पुढे नूतन सुटीच्या दिवशी घरच्यांबरोबर मराठी नाटकाला जाते. नाटकात परप्रांतीयांवर तोंडसुख घेतलंय. मुलीने पसंत केलेल्या उत्तर भारतीय मुलाला बाप हाकलून देतो आणि प्रेक्षागृह हसतं, टाळ्या वाजवतं.

तीन मंच, तीन प्रेक्षक. बदलतं काय? प्रेक्षक कोण आहेत ते बदलतं, आणि पोलीस येतात की नाही ते. शब्दांनी लोक भडकतात, शब्दांमुळे माणसं काहीतरी करून बसतात, हा नूतनचा कोर्टातला मुद्दा आहे. तो खरा मानला तर नाटकातल्या शब्दांचं काय? तिथे ती स्वतः प्रेक्षकांत बसलीय. चित्रपट यावर एक अक्षर बोलत नाही. दृश्यं फक्त एकाच चित्रपटात ठेवतो.

हे समांतर मी ‘ठाम’ या खात्यात टाकते. कारण ते माझ्या हुशारीवर अवलंबून नाही. ज्याने चित्रपट पाहिलाय तो कोणीही ही तीन दृश्यं मोजू शकतो.

तिसरा प्रश्न: उलटा पुरावा आहे का?

हा प्रश्न आपण सगळे टाळतो. कारण आपली कल्पना आपल्याला आवडलेली असते.

माझी एक कल्पना होती की व्होरा ‘चांगला’ आणि नूतन ‘वाईट’, आणि त्यांच्या घरांमधले तपशील तेच सांगतात. व्होरा सुपरमार्केटमध्ये चीज-वाइन घेतो, गाडीत जॅझ ऐकतो, एकटा राहतो. नूतन लोकलने जाते, डब्यात मैत्रिणीशी साडीबद्दल बोलते, नवऱ्याच्या मधुमेहासाठी ऑलिव्ह तेल बरं असतं का, परवडतं का, यावर बोलते. मुलाला पाळणाघरातून आणते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते.

आता प्रामाणिकपणे सांगा, या तपशिलांमध्ये वाईट कोण दिसतं? मला तर दिवसभर कोर्टात उभी राहून संध्याकाळी पोळ्या लाटणारी बाई दिसली. माझी आई दिसली. पण हीच बाई सहकाऱ्यांशी गप्पा मारताना अगदी सहज म्हणून जाते की त्या माणसाला वीस वर्षं देऊन टाकावीत आणि प्रकरण संपवावं, त्याच त्याच चेहऱ्यांचा कंटाळा आलाय. गीतांजली कुलकर्णींनी हे वाक्य असं म्हटलंय की त्यात काही क्रूर बोललं जातंय हे क्षणभर कळतही नाही.

म्हणजे घरातल्या तपशिलांनी माझी ‘चांगला-वाईट’ ही मांडणीच मोडली. उलटा पुरावा समोर आला की दोन रस्ते असतात. एक, तो तळटीपेत ढकलायचा. दोन, मांडणी बदलायची. मी बदलली. आता मी असं लिहिते की हा चित्रपट नूतनचं घर दाखवतो तो तिला दोषी किंवा निर्दोष ठरवायला नाही. माणूस घरी चांगला असला तरी कामाच्या ठिकाणी दुसऱ्याचं आयुष्य एका वाक्यात उडवू शकतो, आणि दोन्ही एकाच दिवशी घडतं, हे त्यातून दिसतं.

व्होराच्या बाबतीतही उलटा पुरावा आहे. वासुदेवच्या बायकोला तो गाडीतून घरी सोडतो. ती त्याच्याकडे काम मागते, कुठलंही. तो पैसे देऊ करतो. ती घेत नाही. तिला काम हवंय. अर्ध्या मिनिटाचा हा प्रसंग. भला माणूस आहे, पैसे द्यायला तयार आहे. पण तिने मागितलं ते ऐकू येणं आणि आपल्याजवळ जे द्यायला आहे ते देणं, यात अंतर आहे. ते अंतर व्होराच्या चांगुलपणाने भरून निघत नाही.

चौथा प्रश्न: हा तपशील नुसताच ‘असू’ शकतो का?

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्त यांनी १९६८ मध्ये एक छोटा निबंध लिहिला होता. फ्लोबेरच्या एका कथेत एका खोलीत बॅरोमीटर आहे. तो कथेत काहीच करत नाही. मग तो आहे कशाला? बार्तचं म्हणणं थोडक्यात असं, की असे बिनकामाचे तपशील एकच गोष्ट सांगत असतात: हे जग खरं आहे. या परिणामाला त्यांनी ‘वास्तवाचा परिणाम’ अशा अर्थाचं नाव दिलं.

‘कोर्ट’सारख्या चित्रपटाला हे फार लागू पडतं. कॅमेरा लांब, स्थिर. चौकटीत दहा माणसं, त्यांतली सात कथेत नाहीत. कोणी फाइल चाळतंय, कोणी पेंगतंय. दृश्य संपलं तरी कॅमेरा थोडा वेळ तिथेच थांबतो. अशा चित्रपटात प्रत्येक वस्तूला अर्थ चिकटवायला गेलात तर त्याची पद्धतच तुम्ही मोडून टाकाल. माझ्या ३१पैकी तब्बल १९ नोंदी या प्रश्नावर गळल्या. वाईट वाटलं, पण उरलेल्या १२ आता माझ्याशी भांडत नाहीत.

‘ठाम’, ‘शक्य’ आणि ‘सोडून दिलेलं’

चार प्रश्नांनंतर प्रत्येक नोंद मी तीनपैकी एका खात्यात टाकते. नावांची नोंद ‘सोडून दिलेलं’मध्ये गेली. तीन मंच ‘ठाम’मध्ये. मधल्या खात्याचं एक उदाहरण देते, कारण खरी मजा आणि खरा धोका तिथेच असतो.

कोर्टात व्होराने उल्लेख केलेल्या एका गोष्टीवरून एका समाजाच्या भावना दुखावतात आणि काही लोक त्याच्या तोंडाला काळं फासतात. पुढे तो सलूनमध्ये चेहऱ्याची निगा राखून घेताना दिसतो. मला लगेच वासुदेवचा डोळा आठवला. एका चेहऱ्यावरची काळिमा पैसे देऊन पुसता येते, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून गेलेला डोळा परत येत नाही. चांगलं वाटतं ना वाचायला? पण वासुदेवचा चेहरा चित्रपटात एकदाही दिसत नाही. डोळ्याबद्दल आपण फक्त साक्षीत ऐकतो. म्हणजे ही तुलना पडद्यावर घडत नाही, माझ्या डोक्यात घडते. खोटी नाही, पण तिचा आधार पातळ आहे. म्हणून ‘शक्य’.

प्रबंधात या तीन खात्यांची वाक्यंही वेगळी हवीत. ठाम असेल तर ‘हा चित्रपट दाखवतो’ असं लिहा. शक्य असेल तर ‘असं वाचता येईल’ लिहा आणि का, ते पुढच्याच वाक्यात सांगा. सोडून दिलेलं लिहूच नका, कितीही आवडलेलं असलं तरी. व्हायवाला बाहेरचे परीक्षक नेमकं ‘शक्य’वर बोट ठेवतात. तिथे तुम्ही ‘दाखवतो’ लिहिलं असेल तर संपलंच.

नोंदवही कशी ठेवायची

माझा आता एक साधा नियम आहे. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे ‘दिसलं-ऐकलं’, उजवीकडे ‘वाटलं’. डावीकडे वेळ, चौकटीत कोण, काय बोललं गेलं ते जमेल तितकं त्याच शब्दांत. उजवीकडे काहीही लिहा, पण रेघ ओलांडू नका.

हेही मी याच चित्रपटातून शिकले. साक्षीदार आपल्या भाषेत बोलतात आणि न्यायाधीश त्याचा सारांश करून नोंदीसाठी इंग्रजीत सांगतात. टंकलेखक तेच टाइप करतो. पुढे कागदावर राहतं ते सारांशाचं वाक्य. मूळ बोलणं, त्यातली थांबणी, ‘नेहमीच असं असायचं’ हा सूर, हे सगळं खोलीत विरून जातं. आपणही मुलाखतींच्या नोंदी घेताना हेच करतो. बाई सांगते एक, आपण लिहितो ‘उत्तरदात्याने आर्थिक अडचणी व्यक्त केल्या’. नंतर आपणच त्या वाक्याचं विश्लेषण करत बसतो.

शेवटचं दृश्य

आता सगळ्यांना माहीत असलेल्या प्रतीकाकडे. रिसॉर्टच्या बाकावर सदावर्ते डुलकी घेतायत. मुलं दबकत येतात, एकदम ओरडतात, दचकवतात आणि पळतात. एक मुलगा हाती लागतो, त्याला थप्पड बसते. तो रडत जातो. न्यायाधीश पुन्हा डोळे मिटतात. चित्रपट संपतो.

‘न्याय झोपलाय’ हे तुम्ही वाचलं असेल. मीही लिहिलं होतं. चारही प्रश्न लावून बघा. साधा अर्थ: सुटीवरचा माणूस झोपलाय, त्यात गैर काही नाही. मग खटकतं काय? ओरडली सगळी मुलं, मार एकाला बसला. जो हाताला लागला त्याला. पुन्हा येतं का? येतं. मंचावरून एकाला उचललं होतं तेव्हाही हेच झालं होतं. उलटा पुरावा? न्यायाधीश तिथे न्यायदान करत नाहीत, चिडलेल्या माणसासारखे वागतात, एवढं म्हणता येईल. म्हणून मी ‘थप्पड म्हणजे निकाल’ असं लिहीत नाही. एवढंच लिहिते की झोपमोड झाल्यावर ते शोधत नाहीत कोण ओरडलं, जवळ कोण आहे ते बघतात. आणि ही सवय आपण या चित्रपटात आधी पाहिलेली आहे. हे ‘न्याय झोपलाय’पेक्षा कमी आकर्षक आहे, पण याचा पुरावा देता येतो.

मागच्या बाकावरचा प्रश्न

शेवटी त्या मुलाच्या प्रश्नाकडे येते. वासुदेव पवार कशामुळे मेला?

चित्रपटापुरतं उत्तर गटारातला वायू आणि साधनं नसणं. चित्रपटाबाहेरचं उत्तर लांबलचक आहे. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये झाला. अधिक व्यापक कायदा २०१३ मध्ये आला, त्यात सुरक्षा साधनांशिवाय गटारं आणि सेप्टिक टाक्यांची धोकादायक सफाई करून घेण्यावरही बंदी आहे. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्या असा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागते, याचा साधा अर्थ काय ते तुम्हीच काढा. इथे प्रतीकाची गरज नाही. (निकाल आणि चित्रपट दोन्ही २०१४ चे आहेत, म्हणून एकामुळे दुसरं झालं असं मात्र लिहू नका. नूतनची चूक परत नको.)

वासुदेव पडद्यावर कधीच येत नाही. सगळा खटला त्याच्या मरणावर चालतो आणि तो कुठेच नाही. माझ्या तक्त्यातही तो असाच होता, नावापुरता. खुणा वाचण्यात आपण इतके रंगतो की ज्याच्यामुळे त्या खुणांना किंमत आली त्याला विसरतो. म्हणून आता नोंदवहीच्या पहिल्या पानावर मी नेहमी एक साधं वाक्य लिहिते: यात नेमकं कोणाचं काय झालं? सगळे अर्थ काढून झाले की त्या पानावर परत येते. अर्थ त्या वाक्याच्या जवळ नेत असेल तर ठेवते.

या आठवड्याचा गृहपाठ: आपल्या आवडत्या चित्रपटातल्या पाच खुणा लिहा. चार प्रश्न लावा. किमान दोन काढून टाका. काढताना जीवावर आलं तर समजा की बरोबर चाललंय. पुढच्या वेळी सिनॉप्सिसमधल्या ‘गृहीतका’बद्दल बोलू.